आपल्या आठवणींचे विद्यापीठ कोणते?

स्मरणिका म्हटली की तिच्यात महाविद्यालयीन दिवसांच्या आठवणी ओघानेच आल्या. आपल्या संस्थेच्या आजवरच्या अंकांतही त्या आल्या आहेत आणि त्यांतील दोन माझ्याच लेखणीतून उतरल्या आहेत, हे प्रारंभीच कबूल करतो. शिस्तीचे पण मायाळू प्राध्यापक, वसतिगृहातील पातळ वरण, व्हायव्हाच्या वेळी उडालेली त्रेधा, चुकलेली गाडी आणि शेवटी सुवर्णपदकाचा मानकरी ठरलेला मित्र, हा या लेखांचा ठरलेला साचा. वाचताना बरे वाटते, लिहिताना त्याहून बरे वाटते. संपादकांनी यंदाही असाच लेख मागितला. लिहायला बसलो आणि ध्यानात आले, की आपण तोच लेख तिसऱ्यांदा लिहीत आहोत. मग मनात प्रश्न उभा राहिला, की या लेखांतून नेमके काय सुटते आहे? त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर वाचकांपुढे ठेवतो. सर्वांना ते रुचेलच असे नाही.

प्रथम आपल्या जिल्ह्याविषयी. विद्यापीठाच्या बाबतीत बालाघाटाचे नशीब काहीसे निराळे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा बालाघाट हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा एक जिल्हा होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. सहा महाविद्यालये आणि हजाराच्या आतील विद्यार्थिसंख्या घेऊन हा संसार सुरू झाला. आपल्याकडील मुलगा शिकायचा म्हणजे छोट्या लाईनच्या गाडीने गोंदिया गाठायचा, तेथे मोठी गाडी पकडायचा आणि तुमसर, भंडारा ओलांडून नागपुरात उतरायचा. वैद्यकीचे शिक्षण म्हणजे रॉबर्टसन मेडिकल स्कूल आणि तेथील एल.एम.पी. ही पदविका. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असावा अशी शिफारस केली. १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि एल.एम.पी. ही अक्षरे पाट्यांवरून हळूहळू पुसली गेली.

याच काळात सागरला दुसरे विद्यापीठ उभे राहिले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात शिकलेल्या आणि पुढे नागपूर विद्यापीठाचेच कुलगुरू झालेल्या डॉ. हरिसिंह गौर यांनी १९४६ मध्ये स्वकमाईचे वीस लाख रुपये देऊन ते स्थापन केले. १९५६ च्या जून महिन्यात जबलपूर विद्यापीठ झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, महाकोशलबरोबर बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. घरातली भाषा तीच राहिली, सोयरीक गोंदिया-भंडाऱ्याशी तशीच चालू राहिली, पण मुलांचे तोंड सागर-जबलपूरकडे वळले. पुढे वैद्यकीय जागांना राज्याच्या रहिवासाची अट आली. प्रदीप जैन खटल्यातील १९८४ च्या निकालानंतर अखिल भारतीय कोटा आला खरा, पण तो अखेरीस १५ टक्क्यांवर स्थिरावला. शासकीय महाविद्यालयांतील उरलेल्या जागा ज्या-त्या राज्याच्या. गोंदियाला २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आपल्या घरापासून ते हाकेच्या अंतरावर आहे, परंतु आपल्या मुलांना त्याचे दार या १५ टक्क्यांच्या फटीतूनच उघडते. छिंदवाड्याचे विद्यापीठ २०१९ चे, सिवनीचे वैद्यकीय महाविद्यालय २०२४ चे. एकाच घरात आजोबांचे पदवीपत्र नागपूरचे, वडिलांचे जबलपूरचे आणि नातवाचे छिंदवाड्याचे, असे चित्र आपल्याकडे नवलाचे नाही.

हा सारा पट मांडण्याचे कारण एकच. विद्यापीठे आपला इतिहास आपल्या हद्दीपुरता लिहितात. नागपूर विद्यापीठाची शताब्दी २०२३ मध्ये झाली. त्या वर्षीच्या जानेवारीत तेथे भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन भरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अमृतमहोत्सवाला राष्ट्रपती आल्या. या दोन्ही सोहळ्यांच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. पण बालाघाटातील किती घरांच्या भिंतींवर त्या विद्यापीठाची पदवी टांगलेली आहे, याची मोजदाद आपण स्वतःही केली नाही, मग ती दुसऱ्या कोणी का करावी? नागपूरच्या दृष्टीने आपण परराज्यातले, जबलपूरच्या दृष्टीने पलीकडच्या भाषेतले. आपल्या आठवणींना असे कोणतेच विद्यापीठ नाही. त्या जपायच्या तर आपणच जपायला हव्यात, आणि त्यासाठी या स्मरणिकेइतकी हक्काची जागा दुसरी नाही. हा माझा पहिला मुद्दा.

लिहून ठेवल्याने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांतील सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्यांचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? कोटणीस तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी निवर्तले, हे त्यांच्या कीर्तीचे एक कारण आहेच; परंतु १९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी चित्रपट काढला, हे दुसरे कारण तितकेच खरे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी गेल्या. तरीही त्यांचे विद्यार्थिदशेतील हाल, थंडी, एकटेपणा आणि जिद्द आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांची पत्रे जपली गेली. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. कर्तृत्व मोठे असूनही लेखणी न लाभल्यामुळे विस्मृतीत गेलेले किती असतील, याचा हिशेब कोण देणार?

आता दुसरा मुद्दा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आठवणी जपायच्या, पण कोणाच्या? नागपूरच्या महाविद्यालयाचा विषय निघाला की डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. अभय बंग यांची नावे अभिमानाने घेतली जातात आणि ते यथायोग्यच आहे. पण विद्यापीठ म्हणजे केवळ त्याचे नामवंत विद्यार्थी नव्हेत. तेथे शिकवणारे असतात, शिकवणाऱ्यांच्या यादीत नाव नसूनही शिकवणारे असतात, आणि शिकायला येऊन अर्ध्या वाटेवरून परतलेलेही असतात. आपल्या स्मरणिकांत पहिल्या वर्गाला मानाचे पान मिळते. दुसरा वर्ग विनोदापुरता येतो. तिसरा येतच नाही.

दुसऱ्या वर्गातील एका माणसाची आठवण सांगतो. माझ्या महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. ते कोणतेही असू शकले असते. आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये एक मामा होते. त्यांचे शालेय शिक्षण चौथीच्या पुढे गेले नव्हते. फॉर्मालिनने त्यांच्या हातांची कातडी कायमची राठ झाली होती. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता आणि प्राध्यापक पलीकडच्या टेबलावर होते. मामा शेजारी येऊन हलकेच म्हणाले, "सुरी ठेवा बाजूला, साहेब. चिमट्याने चरबी सारा. नस ओढू नका, ती आपणहून दिसते." त्यानंतर मी शेकडो शस्त्रक्रिया केल्या. चरबी बाजूला सारताना आजही ते वाक्य कानात येते. आणखी एक गोष्ट ते करीत. सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक टेबलापाशी उभे राहून ते क्षणभर हात जोडत. त्या टेबलांवर बहुधा बेवारस देह असत. ज्यांना जिवंतपणी कोणी विचारले नाही, अशांनी आम्हांला शरीर शिकविले. आम्ही त्या देहांना टोपणनावे ठेवून हसत होतो, मामा हात जोडत होते. शिक्षण कोणाचे झाले होते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

मामा कधी निवृत्त झाले, मला ठाऊक नाही. त्यांचे पूर्ण नावही मी कधी विचारले नाही. रात्रपाळीला वाळलेल्या बाळाच्या हातावर शीर कशी शोधायची हे दाखविणाऱ्या सिस्टर, घरून मनिऑर्डर न आल्यास दोन-दोन महिने उधारीवर जेवू घालणारे मेसचे महाराज, प्रसूतिकक्षात घाबरलेल्या इंटर्नला "उगी राहा, बाळ आपल्या वेळेनं येते" असे सांगणाऱ्या मावशी, या सर्वांचे शब्द आपल्या हातांत उतरले आहेत. त्यांना काय वाटत होते, आम्ही त्यांना कसे दिसत होतो, हे मात्र कोणी लिहून घेतले नाही. त्यांच्यापैकी जे आज आहेत ते पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. थांबायला अवधी नाही.

आता तिसऱ्या वर्गाविषयी. हे लिहिणे मला जड जाते. पण ते टाळले तर वरचे सारे विवेचन दुसऱ्यांना केलेला उपदेश ठरेल.

प्रथम वर्षाला माझ्याबरोबर आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा होता. घरी पोवारी बोली, शाळा हिंदी माध्यमाची. हुशार होता, माझ्याहून निश्चितच. वसतिगृहातील ज्येष्ठ विद्यार्थ्यांना त्याच्या बोलीत करमणूक सापडली. रोज रात्री त्याला टेबलावर उभे करून त्याच्या बोलीत 'भाषण' करायला लावीत आणि खोलीभर लोक हसत. मारहाण झाली नाही, म्हणून आम्ही तिला रॅगिंगही म्हणत नव्हतो. मला ती बोली कळत होती, लहानपणी शेजारी-पाजारी ऐकलेली होती. पण माझ्या तोंडी घरची शुद्ध मराठी असल्यामुळे माझ्यावरची पाळी लवकर टळली होती. ती पुन्हा येऊ नये म्हणून मी त्या बोलीशी ओळख दाखविली नाही. हसणाऱ्यांत मीही होतो. दिवाळीच्या सुटीत तो गावी गेला आणि परत आला नाही. घरची अडचण असेल, असे आम्ही एकमेकांना सांगितले.

काही वर्षांपूर्वी आमच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. सुंदर छापलेली नामावली होती. दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली गेली. त्या मुलाचे नाव हयातांतही नव्हते आणि दिवंगतांतही नव्हते, कारण त्याने पदवीच घेतली नव्हती. व्यासपीठावर एका मित्राने रॅगिंगच्या 'गमती' सांगितल्या. टेबलावरच्या भाषणाचाही उल्लेख झाला, नाव न घेता. सभागृह हसले.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. निवृत्त शिक्षक होते. मी ओळखले नाही, त्यांनी ओळखले. आईचे औषध लिहून झाल्यावर ते उठले आणि दारापाशी थांबून म्हणाले, "तू होतास ना त्या खोलीत?" मी होय म्हटले. त्यावर ते काही बोलले नाहीत. आईला हात देऊन पायऱ्या उतरून गेले. चाळीस वर्षांत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

पुढे मी त्यांच्या गावी गेलो. बोलणे झाले, फार नाही. हे लिहू का, असे विचारले. "लिही, नाव नको," म्हणाले. म्हणून लिहितो आहे.

काहीजण म्हणतील, मेलेले मुडदे कशाला उकरायचे? काळच तसा होता. ही सबब मला पटत नाही. काळ आपोआप बदलला नाही, तो बदलावा लागला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मार्गदर्शक आदेश दिले. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगमध्ये बळी पडला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे कडक नियम आले. कायदा कागदावर आला आणि आपण स्नेहमेळाव्यांतून ज्येष्ठांच्या 'गमती' सांगत राहिलो, तर नव्या मुलांनी कोणाचे ऐकावे? आपली आठवण सांगण्याची पद्धत हीसुद्धा एक शिकवण असते. हिंदीतून एम.बी.बी.एस. ची पुस्तके ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला प्रकाशित झाली, त्यावर आपल्यांत पुष्कळ वाद झाला. माध्यम कोणते असावे हा वाद चालू राहो. पण खेड्यातल्या मुलाच्या तोंडची भाषा ऐकून वर्गाने हसू नये, याविषयी तरी वाद असू नये.

दुसरा आक्षेप असा, की स्मृती बेभरवशाची असते. खरे आहे. पण आपला व्यवसायच मुळी दुसऱ्याच्या स्मृतीवर उभा आहे. रुग्ण समोर बसला की आपण त्याची हिस्टरी घेतो. तो तारखा चुकवतो, लाजतो, नको ते गाळतो, हे गृहीत धरून आपण नातलगांना विचारतो, पुन्हा विचारतो, पडताळून पाहतो. कोठे बरे वाटते, एवढेच विचारून कोणी निदान केले आहे काय? कोठे दुखते, कधीपासून दुखते, हेच आपण आधी विचारतो. स्वतःच्या महाविद्यालयाची हिस्टरी घेताना मात्र आपण केवळ बरे वाटणारे तेवढेच नोंदवितो. हा केसपेपर अपुरा आहे.

म्हणून संस्थेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. पुढील अंकापर्यंत प्रत्येक सभासदाने तीन माणसांशी अर्धा-अर्धा तास बोलावे. एक, आपल्याहून ज्येष्ठ डॉक्टर. दुसरा, रुग्णालयात किंवा महाविद्यालयात चाकरी केलेला कर्मचारी, मग त्या सिस्टर असोत, मामा असोत, प्रयोगशाळेतील सहायक असोत वा मेसचे महाराज. तिसरा, असा कोणी जो शिकायला गेला आणि पदवी न घेता परतला. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करणे आज कोणालाही अवघड नाही. प्रश्न साधे असावेत. कोणत्या गाडीने गेलात, फी कोणी भरली, कोठे राहिलात, कोणत्या भाषेत शिकलात, भीती कशाची वाटली, कोणी हात दिला, कोणी दिला नाही. बोलणारा ज्या बोलीत बोलेल तीच नोंदवावी. पोवारीला प्रमाण मराठीचा कोट चढवू नये.

काही पथ्ये पाळावी लागतील. सांगणाऱ्याची संमती घेतल्याखेरीज एक ओळही छापू नये, आणि छापण्यापूर्वी त्याला ती वाचून दाखवावी. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील कोणत्याही गोष्टीत येता कामा नये. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने गोपनीयतेचे जे बंधन आपल्यावर घातले आहे, ते आठवणींच्या लेखातही सुटत नाही. कोणाचा सूड उगवण्यासाठी या पानांचा उपयोग होऊ देऊ नये. मला दोष द्यायचा आहे तो त्या खोलीत बसलेल्या स्वतःला, तेथील दुसऱ्या कोणाला नव्हे. निवडक भाग स्मरणिकेत यावा, बाकीचे मुद्रण संस्थेने जतन करावे आणि त्याची एक प्रत संबंधित विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावी. त्यांनी आपल्याला हद्दीबाहेर ठेवले असेल, तर आपण होऊन हद्दीत जावे.

खर्च म्हणावा तर जवळजवळ नाही. वेळेचा प्रश्न आहे हे मान्य. पण ओ.पी.डी. संपल्यावर अर्धा तास निघत नाही असा डॉक्टर मी तरी पाहिलेला नाही. तो अर्धा तास आपण कशावर घालवितो, हे ज्याचे त्याने पाहावे.

माझी तीन नावे मी निश्चित केली आहेत. ज्येष्ठ डॉक्टर आपल्याच संस्थेतील आहेत, त्यांनी होकार दिला आहे. मामांचा शोध सुरू आहे. ते नसतील तर त्यांच्या मुलाबाळांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करीन, निदान त्यांचे पूर्ण नाव तरी कळेल. तिसरे नाव वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. धानाची कापणी आटोपल्यावर ये, एवढेच म्हणाले आहेत. मी जाणार आहे, आणि या खेपेस मी बोलणार नाही, ऐकणार आहे.